सहावा धातू

कोशित्से, १६ एप्रिल २०२४

नोर्बर्ट,

तुझा अभिप्राय आला. चार पानं, वर जर्मन कंपनीचं चिन्ह, खाली तुझी लांबलचक सही. व्राबेल साहेबांनी तो त्यांच्या विद्यार्थिनीच्या, टिमेआच्या टेबलावर टाकला आणि कॉफी प्यायला निघून गेले. मी शेजारीच तिच्या चकत्या घासत बसले होते. तिसऱ्या पानावर पोरगी थांबली. म्हणाली, "मावशी, प्रबंधाच्या अभिप्रायात 'हलगर्जी' असा शब्द लिहितात?" मी म्हटलं, लिहिणाऱ्याला लाज नसली की लिहितात. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

बाबांना मातीत ठेवून घरी आलो त्या दिवशी आपलं वाजलं. त्यानंतर तीन वर्षं तुला ओळ लिहिली नाही, आताही लिहिली नसती. पण तू त्या पोरीचा परीक्षक झालास आणि जे काही लिहून पाठवलंस, ते वाचून माझं डोकं फिरलंय. फोन करणार नाही. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी भुलते. कागदावर तुला माझं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

तिचं चार वर्षांचं काम तू दोन ओळींत गुंडाळलंयस, म्हणून मीच सांगते. हाफ्नियम, टँटलम, झिर्कोनियम, निओबियम, टायटॅनियम. पाच धातूंची कार्बाइडं घ्यायची, दळायची, ग्राफाइटच्या साच्यात दाबून दोन हजार अंशांच्या वर भाजायची. पाचही जण एकमेकांत असे मिसळले पाहिजेत की कुणी वेगळा बसलेला दिसता कामा नये. तुला २०१७ साली ते तिसऱ्याच खेपेला जमलं. कठीणपणा छत्तीस गिगापास्कल. त्या छत्तिसावर तू जर्मनीला गेलास. या पोरीने तुझा छापील लेख समोर उघडून ठेवला आणि अक्षर न अक्षर पाळलं. एकदा नाही, नऊ वेळा. नऊही वेळा आकडा एकतिसावर अडला, आणि कडेला हाफ्नियमचे ठिपके वेगळी चूल मांडून बसलेले.

व्राबेल साहेब म्हणतात, "नोर्बर्टला तिसऱ्या खेपेला जमलं, तुला नवव्या खेपेला जमेना. मग दोष कुणाचा, कार्बाइडचा?" वर पुन्हा सल्ला: "त्यातल्या त्यात बऱ्या दोन चकत्या ठेव, सात विसर. कोण विचारतंय?" तेव्हा ही काय म्हणाली माहीत आहे? "साहेब, मग त्या सात कुणी केल्या म्हणू?" मला तेव्हाच ती आवडली.

तिच्या हातात हलगर्जीपणा नाही, हे मी सांगते. तीस वर्षं मी या प्रयोगशाळेत लोकांचे हात बघतेय. तुझेही बघितलेत. हिऱ्याची पेस्ट घासायच्या कापडावर किती लावायची हे मी तुला सात वेळा शिकवलं, हिला एकदाच.

१२ जूनला तिची तोंडी परीक्षा आहे. समितीने तुझं ऐकलं तर चार वर्षं मातीत. शिष्यवृत्ती जूनअखेर संपते, मग ही मोल्दावा गावी आईच्या दुकानात वजनं करत बसणार आणि आयुष्यभर स्वतःच्या हातांना दोष देणार. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तू एकच कर. व्राबेल साहेबांना चार ओळी लिही. २०१७ ला दळायचं भांडं कुठलं होतं, किती तास फिरवलं, मध्ये थांबवलं की नाही. खरं लिही. बाकीचं तिचं ती बघेल.

कारोलिना


कोशित्से, २ मे

नोर्बर्ट,

उत्तर मिळालं. चॉकलेटच्या डब्याला चिकटवलेलं पाकीट आणि आत चार ओळी, त्याही छापलेल्या. "पद्धत लेखात दिल्याप्रमाणेच. उमेदवाराच्या कामात ढवळाढवळ करणं मला शोभणार नाही. तब्येतीला जप." चॉकलेटं मी ट्रामच्या थांब्यावर एका म्हातारीला दिली. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, पण घेतली.

लेखात दिल्याप्रमाणेच म्हणे! लेखात काय दिलंयस? "दळण: दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं विश्रांती." हो ना? तो नियम आहे, नाहीतर भांडं तापतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये तू तो पाळलास का? शुक्रवारी चार वाजता झाकण लावलंस, विश्रांतीचं बटण बंद केलंस आणि म्हणालास, "सोमवारपर्यंत फिरू दे, परिषदेला पाठवायचंय." सोमवारी सकाळी ते झाकण मी उघडलं. टंगस्टन कार्बाइडचं जुनं भांडं, आतून सगळं ओरखडलेलं. दळायचे गोळेही त्याच कार्बाइडचे, त्यातला एक फुटून दोन तुकडे झालेला.

मी गोळे तोलले. दळायच्या आधी तोलते आणि नंतर तोलते, धुऊन, वाळवून. मला कुणी सांगितलेलं नाही, कुठल्या नियमात नाही. आमचे जुने मुकादम बेलो बाची म्हणायचे, गोळा हलका झाला म्हणजे तो कुठेतरी गेलाय, हवेत उडून जात नाही. साडेचार ग्रॅम कमी भरले. साठ ग्रॅम भुकटीत साडेचार ग्रॅम! मी तीनदा तोललं. तराजू बदलून तोललं.

मग तुझ्याकडे आले. व्राबेल साहेब होते, तू होतास. तू मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यासमोर नेलंस. पाच नावं, पाच आकडे, खाली बेरीज शंभर. "बघ, कारोलिना. शंभर झाले. आता तुझा टंगस्टन बसवू कुठे, काखेत?" साहेब खो खो हसले. तू त्यांच्याकडे बघून हसलास आणि मला म्हणालास, "इथे इंजिनिअर कोण आहे?"

माझ्या हातात त्या भांड्याचं झाकण होतं. ते घेऊन मी धुवायला गेले.

सात वर्षं झाली. झाकण धुताना पाणी किती गार होतं तेही आठवतं. तू इंजिनिअर, मी चकत्या घासणारी, मान्य. पण तुला पहिल्यांदा त्या प्रयोगशाळेत कोण घेऊन आलं रे? दहावीच्या सुट्टीत, माझा डबा तुझ्या हातात, तुझी चप्पल तुटलेली. व्राबेल साहेबांना हात जोडून कोण म्हणालं, भाऊ आहे, हुशार आहे, काच फोडणार नाही?

एक ध्यानात ठेव. वहीत आहे सगळं. माझ्या अक्षरात, तारखेसकट, गोळ्यांचं वजन आधी आणि नंतर. मला ती उघडायला लावू नकोस.

कारोलिना


कोशित्से, २१ मे

नोर्बर्ट,

आता नीट वाच. उभ्याने वाचत असशील तर बस.

तुम्ही लोक चकती मोजता, लेख लिहिता आणि चकती विसरता. मी टाकत नाही. काळ्या राळेत बसवलेला एकेक तुकडा, मागे खडूच्या पेन्सिलीने तारीख, वेफरच्या रिकाम्या खोक्यांत भरून कपाटाखाली. तू हसायचास, "आमच्या लिनाचं कब्रस्तान." तर त्या कब्रस्तानातून १७-०२-ब बाहेर आली आहे. तुझ्या छत्तिसाची अर्धी चकती.

टिमेआ नसताना मी ती खाली तळघरात इम्रोकडे नेली. तुझा जुना मित्र इम्रो. अजून तिथेच बसतो, सूर्यफुलाच्या बिया चघळतो आणि सूक्ष्मदर्शकाला बायकोसारखा जपतो.

"काय शोधू?" म्हणाला.

"टंगस्टन."

"यात टंगस्टन कुठला? नोर्बर्टची चकती ना ही? पाच धातू."

"तुला काय आहे ते विचारलं का मी? टंगस्टनवर खूण कर."

"बाई आज चिडलेल्या दिसतात."

"इम्रो, खूण कर."

त्याने केली. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मला कळलंय हे तुला कळेल. पडद्यावर सगळ्या मूलद्रव्यांची नावं असतात. ज्यांच्यावर तुम्ही खूण कराल तेवढीच यंत्र मोजतं, आणि त्यांचीच बेरीज ओढूनताणून शंभर करतं. पाहुण्यांच्या यादीत ज्याचं नाव नाही, तो दारात उभा असला तरी त्याला पान वाढायचं नाही. टँटलम आणि टंगस्टन शेजारी शेजारी, एक त्र्याहत्तर, एक चौऱ्याहत्तर. खालच्या अंगाला दोघांच्या रेषा एकमेकींवर चढतात, बघणाऱ्याला वाटतं टँटलमच जरा अंगाने भरलाय. इम्रोने विद्युतदाब तीस हजार व्होल्टवर नेला, तेव्हा वरच्या अंगाला दोघं वेगळे उभे राहिले. टंगस्टन, धातूंच्या शंभर अणूंत पाच.

इम्रोने बियांची पुडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "कारोलिना, त्याने हे पाहिलं नसेल?"

"पाचच नावं विचारली, तर सहावं कोण सांगणार?"

"तसं नाही. विचारायचं सुचलं नाही, की विचारायचं नव्हतं?"

मी चकती खिशात टाकली आणि वर आले. तुला मी स्वतः येऊन सांगितलं होतं, साडेचार ग्रॅम गेलेत. तुला सुचायची गरजच नव्हती. तुझ्या हातात फक्त एक खूण करायची होती, नोर्बर्ट.

म्हणजे तुझं पाचधातूंचं कार्बाइड हे पाचधातूंचं नव्हतंच. सहा होते. सहावा माझ्या गोळ्यांतून गेला आणि त्यानेच तुझी चकती सांधली, त्यानेच ते छत्तीस आणले. पोरीचं भांडं नवं, दहा मिनिटं चालवते, वीस मिनिटं थांबवते, गोळा तसूभर झिजत नाही. तिच्या नऊ चकत्या नेमक्या जशा असायला हव्यात तशाच आहेत. आणि त्याच नऊ चकत्यांसाठी तू तिला हलगर्जी म्हणतोस.

मी टिमेआला अजून सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं, हे विचारायचा तुला हक्क नाही, तरी सांगते. कारण तू माझा भाऊ आहेस आणि मला वाटतं, तू स्वतः सांगावंस. ३ जूनला कॅलेंडरात माझ्या नावाचा दिवस, माझा नामदिन, ६ जूनला तुझा. मी थोरली, तरी दोघांचं नेहमी तुझ्याच दिवशी करायचो, प्रयोगशाळेत, अंड्याचे पाव आणि बाबांची प्लमची दारू, स्लिवोवित्सा. ६ तारखेला ये. व्राबेल साहेबांसमोर बस आणि तुझ्या तोंडाने सांग. कुणी तुला खाणार नाही. पाव मी करते.

तोवर मी तोंडाला कुलूप लावून आहे. काल पोरगी कपडे बदलायच्या खोलीत रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. खिशात चकती. लाज वाटली मला माझी. ती लाजही तुझ्यामुळे.

कारोलिना


कोशित्से, ३ जून

नोर्बर्ट,

आज माझा नामदिन. शुभेच्छा पोचल्या. या वेळी हाताने लिहिलंस, तीन पानं, आणि वर "माझ्या लिना". चाळीस वर्षांत तुला काही हवं असलं की मी लिना होते.

चकती कुरियरने पाठव म्हणतोस, "तुलनेसाठी". आणि मग पान दोनवर, शेवटून चौथी ओळ. मी ती इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. "वहीत ते पान नाही, हे तुला माहीत आहे आणि मलाही. तुझ्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, कशाला स्वतःच्या गळ्यात दोर अडकवतेस?"

वा रे वा. चोराच्या उलट्या बोंबा, त्याही सुंदर अक्षरात!

हो. पान नाही. २ मेच्या पत्रात खोटं लिहिलं मी. वहीत काही नाही, शिवणीपाशी फाटलेली कड तेवढी आहे. म्हणूनच तुला उघडायला लावू नकोस म्हटलं. उघडली असती तर मीच उघडी पडले असते.

मार्च २०१८. आपल्या बागेतली खोली. लेख स्वीकारल्याचं पत्र तुला त्या सकाळी आलं होतं. तू चुलीवर सॉसेज भाजत होतास आणि मी वही पिशवीतून आणली होती. आणली होती ती कशाला? तुला दाखवायला, की बाबा रे, छापायच्या आधी एकदा बघ. तू वाचलंस. हसला नाहीस या वेळी. म्हणालास, "लिना, हे पान उगाच घोळ घालेल. सगळं ठरलंय. तुझ्याशिवाय हे झालंच नसतं, मला माहीत आहे. लेखात तुझं नाव असेल." आणि चुलीचं दार उघडून धरलंस.

तू फाडलं नाहीस. मी फाडलं. तू फक्त दार धरलंस. मग तू पेला उचललास, "लिनाच्या हातांना!" आणि मी प्याले. मी खूश होते, नोर्बर्ट. घरी जाताना ट्राममध्ये मी एकटीच हसत होते.

लेख आला तेव्हा मी नाव शोधलं. वर सहा नावं, त्यात माझं नाही. शेवटच्या पानावर, बारीक टायपात: "तांत्रिक सहाय्याबद्दल के. एफ. यांचे आभार." दोन अक्षरं. भंगारवाल्याच्या पावतीवरसुद्धा पूर्ण नाव असतं रे.

बाबांच्या दिवशी आपण भांडलो ते त्या दोन अक्षरांवरून. तू म्हणालास, "एवढ्याशा गोष्टीवरून?" आणि मी ओरडले, लोक ओट्यावर उभे होते तरी ओरडले. पण पान फाडल्याबद्दल मी तेव्हा अवाक्षर काढलं नाही. का? खरं सांगू? पूर्ण नाव छापलं असतंस तर मी आजही गप्प बसले असते. टिमेआ रडली असती आणि मी तिला म्हटलं असतं, बाळ, तुझे हातच तसे. हे गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं आणि स्वतःची किळस आली. तुझा राग मला सात वर्षं पुरला. स्वतःचा राग दोन दिवसांत गळ्याशी आला.

आता हे वाच आणि खुशाल हस. शुक्रवारी मी चकती बांधली. कापसात, मग डब्यात, वर तुझा पत्ता. पोस्टात गेले, नंबराचा कागद घेतला, सत्तेचाळीस. बसले. दोर माझ्या गळ्यात नको, दीड वर्षच राहिलंय, भाऊ एकच आहे, सगळं मनात घोळवलं. नंबर लागला. खिडकीतल्या बाईने डबा हलवून बघितला. "आत काय आहे, बाई? फुटण्यासारखं आहे का?"

मी म्हटलं, "आहे." आणि तिच्या हातातून डबा काढून घेतला. मागचा माणूस म्हणाला, "अहो, मग तासभर रांग का अडवली?"

६ तारखेला वाट बघते. ही शेवटची.

कारोलिना


६ जून

तू आला नाहीस.

पाव चाळीस केले होते. सगळे येऊन खाऊन गेले. टिमेआने मला पिओनीची फुलं आणली आणि पेला उचलून म्हणाली, "आणि डॉक्टर नोर्बर्टनाही शुभेच्छा. कडक परीक्षक आहेत, पण मावशी, शेवटी तुमचे भाऊ आहेत." मनापासून म्हणाली. तुझ्या नावाने ती प्याली.

तुझे चार पाव मी झाकून ठेवले होते. आता कचऱ्यात टाकले.

का.


कोशित्से, १३ जून

नोर्बर्ट,

तू होतास काल परीक्षेला, भिंतीवरच्या पडद्याच्या चौकोनात. पण अर्धं तू पाहिलं नाहीस, आणि जे पाहिलंस ते तुझ्या बाजूने. म्हणून माझ्या बाजूने लिहिते.

तुला तीन वर्षांनी बघितलं. केस पिकलेत. मागे पुस्तकांची भिंत. अभिप्राय तू छान वाचलास, त्याच आवाजात, ज्या आवाजात "इथे इंजिनिअर कोण" म्हणाला होतास. "हलगर्जी"वर थोडा थांबलास. टिमेआ ताठ उभी होती. तिने नऊच्या नऊ चकत्या दाखवल्या, एकही लपवली नाही, आणि म्हणाली, "मला जमलं नाही. का जमलं नाही हे मला माहीत नाही. पण असं झालं, हे खरं आहे." व्राबेल साहेब छताकडे बघत होते.

मग अध्यक्ष बाईंनी ते नेहमीचं वाक्य म्हटलं, "उपस्थितांपैकी कुणाला प्रश्न?" सभा सगळ्यांना खुली असते, म्हणून विचारावं लागतं. तीस वर्षांत तिथे कुणी प्रश्न विचारलेला मी बघितला नाही. त्या वाक्यावर लोक उठतात आणि पावाच्या थाळ्यांकडे सरकतात. मी हात वर केला.

साहेब म्हणाले, "कारोलिना, बसा हो. थाळ्या झाकल्यात ना?"

अध्यक्ष बाई म्हणाल्या, "विचारू द्या त्यांना."

मी टिमेआला विचारलं, "२०१७ ची चकती तपासली तेव्हा यंत्राला किती धातू विचारले होते?"

"पाच."

"आणि तू तुझ्या चकत्यांना किती विचारलेस?"

"पाचच. लेखात पाच होते म्हणून..."

"सहावा विचारला असता तर?"

"कुठला सहावा, मावशी?"

"जुनं दळायचं भांडं कशाचं होतं?"

तिने तोंडावर हात ठेवला. मी तिला आधी काहीच सांगितलं नव्हतं, आणि बरंच झालं. आधी सांगितलं असतं तर म्हणाले असते, दोघींनी मिळून रचलं. तिचा चेहरा सगळ्यांनी बघितला. तसा चेहरा करता येत नाही.

मी चकती टेबलावर ठेवली. त्यानंतर तू पाहिलं नाहीस ते असं: पाच प्राध्यापक, सुटाबुटात, बुटांवर निळी प्लास्टिकची मोजी चढवून, इम्रोच्या तळघरात कोंबलेले. बाहेर ८ तारखेच्या संत मेदार्दच्या दिवसापासून लागलेला पाऊस. इम्रोने जुने आकडे दाखवले नाहीत. चकती आत घातली आणि अध्यक्ष बाईंना म्हणाला, "खूण तुम्हीच करा." त्यांनी केली. टंगस्टन, पाच पूर्णांक एक. व्राबेल साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच.

वर आलो तेव्हा तुझा चौकोन काळा झाला होता. नुसतं पांढऱ्या अक्षरांत नाव. साहेब म्हणाले, "लाइन गेली वाटतं." इम्रो म्हणाला, "लाइन ठीक आहे. त्याने कॅमेरा बंद केलाय."

अध्यक्ष बाईंनी मला विचारलं, "हा भांड्यातून आला, याची तेव्हाची काही नोंद?"

"होती. मी फाडली."

हॉलमध्ये कुणी तरी थाळीचं झाकण उचललं होतं, ते परत ठेवल्याचा आवाज झाला.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

आठवडाभर ट्राममध्ये मी ते उत्तर पाठ करत होते. तुझं नाव, तुझी पदवी, तारीख. सगळं तयार होतं. आणि जीभ उचलेना. इतकी चिडलेली मी, इतकी पत्रं लिहिली, आणि तिथे उभी राहून मला दिसली ती तुझी तुटलेली चप्पल. टिमेआ माझ्याकडे बघत होती. तिची चार वर्षं माझ्या जिभेवर, आणि जीभ लाकूड झालेली.

"माझ्या."

तुझा आवाज. इम्रोने ध्वनिक्षेपक मोठा ठेवला होता, हॉलभर घुमला. "माझ्या सांगण्यावरून. तिने मला आधीच सांगितलं होतं. मी अभिप्राय मागे घेतो." आणि मग ते नावही गेलं.

टिमेआ पास झाली. पाचही हात वर. अध्यक्ष बाई म्हणाल्या, या विषयावरच्या खऱ्या पाचधातूंच्या चकत्या आज या टेबलावर पहिल्यांदाच बघतेय, नऊच्या नऊ. त्यांचा कठीणपणा एकतीस, तोच खरा. पोरगी माझ्या गळ्यात पडली, मग एकदम मागे सरली. "तुम्हाला एप्रिलपासून माहीत होतं, मावशी?" मी म्हटलं, २०१७ पासून. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. तो हिशेब तिचा माझा आहे, तू त्यात पडू नकोस.

व्राबेल साहेबांनी संध्याकाळी किल्ल्या मागितल्या. सप्टेंबरमध्ये चौकशी. मी किल्ल्या दिल्या, वेफरची खोकी टिमेआच्या टेबलाखाली सरकवली आणि चालत घरी आले.

आता तुझं. तुला वाटत असेल लिना विरघळली. नाही विरघळली. सात वर्षांनी तीन वाक्यं, तीही अंधारातून! चेहरा दाखवून बोलला असतास तर मी तिथेच उठून तुला हात जोडले असते. ज्या पोरीला चार पानं भरून हलगर्जी म्हणालास, तिला तीन वाक्यांत मोकळी केलीस, आणि तिची माफी त्या तिन्हीत कुठेच नाही. ती वेगळी लिही. तिच्या पत्त्यावर, हाताने.

आणि त्या मासिकाला दुरुस्ती पाठव. मी किंवा व्राबेल साहेब पाठवणार नाहीत, तू पाठवायचीस. धातू सहा होते. विश्रांती दिली नव्हती. गोळे साडेचार ग्रॅमने झिजले, हे तोलणारीने सांगितलं होतं आणि ऐकलं गेलं नाही. नोंदीचं पान फाडलं. कुणी फाडलं तेही लिही.

तिथे के. एफ. लिहू नकोस. कारोलिना फेदोर्चाकोवा लिही, पूर्ण. आणि त्याच्या शेजारी, त्याच टायपात, चुलीचं दार कुणी धरलं होतं ते.

कारोलिना